धोट्याशेजारी काय ठेवायचं

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ज्या प्रदर्शनात चित्रकाराने स्वतः काही घडवलेलंच नाही, संग्रहालयाच्या कपाटांतल्या वस्तू नुसत्या निवडून मांडल्यात, त्याला कला का म्हणायचं? तुझ्या वर्गातल्या काही मुलांना ती पळवाट वाटते. आता तुम्हालाही अशाच वस्तू निवडून मांडायला सांगितलंय आणि त्यासाठी तुला आजोबांचा गिरणीतल्या मागावरचा धोटा हवाय. धोटा पाठवतोच आहे. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी भायखळ्याला जाऊन भाऊ दाजी लाड संग्रहालय पुन्हा सावकाश पाहून आलो. फोनवर हे सगळं सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

माझी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली हे तुला माहीत आहे. डेड स्टॉक रजिस्टर कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. टेबल, कपाट, पंखा, घड्याळ, सगळ्यांना त्यात जागा. वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, किंमत, सद्यःस्थिती, शेरा. आमच्या साहेबांच्या खोलीतलं सागवानी टेबल इतकं सुंदर होतं, की त्याच्या कडेवरची वेलबुट्टी बघायला बाहेरचे लोक यायचे. त्याची किंमत रजिस्टरात पैशांसकट लिहिलेली होती, पण ते घडवणाऱ्या सुतारासाठी रकानाच नव्हता. त्यामुळे कुठलंही संग्रहालय बघताना माझं लक्ष वस्तूच्या आधी पाटीकडे जातं. पाटीवर काय लिहिलंय आणि काय लिहायला जागाच ठेवलेली नाही, हे मी बघतो.

ज्याने मला या प्रकारच्या प्रदर्शनांवर विश्वास ठेवायला लावलं त्याचं नाव फ्रेड विल्सन. अमेरिकेतला कृष्णवर्णीय कलाकार. १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्याला आपला संग्रह मोकळा करून दिला. त्याने बाहेरून काही आणलं नाही. त्यांच्याच गोदामांतल्या वस्तू काढल्या आणि मांडल्या. एका काचपेटीत चांदीची उठावदार नक्षीची भांडी होती, श्रीमंतांच्या घरची, लखलखीत. त्यांच्या मधोमध त्याने गुलामांच्या पायांतल्या लोखंडी बेड्या ठेवल्या. पाटी एकच, 'धातुकाम, १७९३–१८८०'. बेड्याही त्याच संस्थेच्या होत्या, त्याच काळातल्या होत्या आणि त्याही धातूच्याच होत्या. पाटीत खोटं काही नाही. इतकी वर्षं त्या दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या, एक दर्शनी आणि एक गोदामात, हाच काय तो फरक. दुसऱ्या दालनात नक्षीदार खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर माणसाला बांधून फटके मारायचा लाकडी खांब. पाटी लाकूडकामाची.

आणि एक मांडणी अशी, की मी ती नुसती फोटोत पाहिली तरी विसरू शकलो नाही. एका बाजूला तीन संगमरवरी अर्धपुतळे, नेपोलियन, अमेरिकन राजकारणी हेन्री क्ले आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. तिघांपैकी मेरीलँडचा कोणीच नाही. दुसऱ्या बाजूला तीन काळे चौथरे, रिकामे. त्यांवर नावं होती, गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन, गुलामीविरुद्ध बोलणारा-लिहिणारा फ्रेडरिक डग्लस, कृष्णवर्णीय खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन बॅनेकर. तिघंही मेरीलँडच्या मातीतली. त्यांचे पुतळे संस्थेकडे नव्हतेच. विल्सनने ते बाहेरून आणून ठेवले नाहीत, जागा रिकामी ठेवली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच आपलं एक पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यांना हे तीन चौथरे बघायला मिळायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

आता सांग, यात त्याने काय घडवलं? बेडी कोणा लोहाराने घडवली, भांडं कोणा सोनाराने. त्याने शेजार घडवला. आपल्या लग्नाकार्यांत एकेकाळी पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार, कोणाला वेगळं बसवणार, कोणाला अंगणात वाढणार, यातच सगळा समाज दिसायचा. जेवण तेच असायचं. काचपेटीतली मांडणी ही तशीच पंगत आहे, आणि ती कोणीतरी बसवलेली असते. कलाकार येतो आणि उठवून पुन्हा बसवतो. पंगत अशीच बसते, हे आपण किती गृहीत धरलं होतं ते तेव्हा कळतं.

तुझ्या वर्गातल्या मुलांचं सगळंच चुकत नाही. नुसतं गोळा करून ठेवलं म्हणजे झालं असं मानणारी प्रदर्शनंही असतात. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६९ मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका संग्रहालयाच्या गोदामात शिरून निवड केली, त्यात छत्र्या होत्या, टोप्यांचे डबे होते, आणि बुटांचं तर अख्खं कपाटच. त्यातले निवडक नकोत, सगळेच्या सगळे हवेत, हा त्याचा आग्रह. गोदामातला ढीग तसाच्या तसा दाखवायचा ही कल्पना मला रेकॉर्डवाला म्हणून आवडते. पण विल्सनसमोर ती फिकी वाटते. बुटांच्या त्या ढिगाकडे पाहून मला कोणाची आठवण झाली नाही.

भायखळ्याचं संग्रहालय मात्र या बाबतीत मुंबईला देवाने दिलेली शाळा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जन्माची गोष्टच बघ. आधी तो संग्रह फोर्टातल्या एका बरॅकीत होता. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या फौजेला जागा हवी झाली, तेव्हा वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. त्यानंतर इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी अशांनी पुन्हा जुळवाजुळव केली, जगन्नाथ शंकरशेठ पुढे झाले, लोकांकडून वर्गणी जमली, १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७२ मध्ये आजची इमारत लोकांना खुली झाली. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, जुने शिलालेख वाचणारे. अशा माणसाचं नाव त्या इमारतीला मिळायला १९७५ उजाडावं लागलं. त्याआधी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. आत राणीच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा पुतळा अजून आहेच, व्यापारी डेव्हिड ससूनने दिलेला.

आत शिरण्याआधी बाहेरच थांबावं असं आहे तिथे. घारापुरीचा दगडी हत्ती तिथे आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे संग्रहालयाला लागून असलेल्या राणीच्या बागेत आले, आणि पुढे १९१४ च्या सुमारास जोडून तो पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघितलंस तर सांधे दिसतात. आणि त्याच आवारात कोण आहेत? कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि आणखी काही साहेब. १९६५ च्या सुमारास शहरातल्या चौकांतून हलवलेले, कोणाचं नाक गेलेलं तर कोणाचा हात. काळा घोडा, म्हणजे घोड्यावरचा राजा एडवर्ड, तोही तिकडेच आला, चौकाला नुसतं नाव ठेवून. ज्यांच्या राज्यात हत्ती फुटला त्यांचेच मोडके पुतळे हत्तीच्या शेजारी. हे कोणी कलाकाराने मांडलेलं नाही, सरकारी कामकाजात घडून गेलंय. पण विल्सनच्या काचपेटीइतकंच ते बोलतं. मी तिथे बराच वेळ होतो. शाळेची एक सहल आली, मुलांनी हत्तीसोबत फोटो काढले आणि ती आत गेली. त्यांच्या बाईंनी हत्तीची आणि पुतळ्यांची गोष्ट एकत्र सांगितली असती तर मुलं तिथून हलली नसती.

आत मातीची माणसं आहेत, तुला लहानपणी आवडायची ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सिसिल बर्न्स हेच या संग्रहालयाचेही क्युरेटर होते, त्या काळापासूनचं हे काम. मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख, पागोटी, धंदे. यावेळी एकेक नीट पाहिलं. लुगड्याच्या निऱ्या मातीत इतक्या बारीक काढल्यात, की ते करणाऱ्याने आपल्या घरच्या बाईला लुगडं नेसताना पाहिलं असणार. पण पाटीवर जात असते किंवा धंदा असतो. ज्याला बघून बाहुली केली त्या माणसाचं नाव नाही, आणि बहुतेक ठिकाणी करणाऱ्या हातांचंही नाही. डेड स्टॉक रजिस्टर तिथेही माझ्या पाठीशी उभं.

२०११ मध्ये मी तुला तिथे जितीश कल्लाटचं प्रदर्शन बघायला नेलं होतं. तू फार लहान होतीस, आठवत नसेल. हे संग्रहालय आजच्या कलाकारांना बोलावतं आणि सांगतं, आमच्या संग्रहाशी बोला. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी आले, मग कल्लाट. कल्लाटने तिथे छोट्या रंगीत आकृत्या ठेवल्या होत्या, बघणाऱ्याला आधी त्या संग्रहालयाच्याच जुन्या बाहुल्या वाटाव्यात अशा. जवळ गेलं की कळायचं, ही रस्त्यावर हातघाईवर आलेली माणसं आहेत. जुन्या बाहुल्या शांत उभ्या, प्रत्येक जण आपापल्या जातीच्या पाटीमागे, आणि या एकमेकांची गचांडी धरून मारामारी करणाऱ्या. शिवाय बांबूची परांची बांधल्यासारखे खांब होते, त्यांवर व्ही.टी. स्टेशनच्या दर्शनी भागावर कोरलेत तसे प्राणी. तू त्या खांबांमधून पळत होतीस आणि रखवालदार तुझ्यामागे. तो माणूस फार चांगला होता, ओरडला नाही.

त्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रेसन पेरी या कुंभारकाम करणाऱ्या कलाकाराने असंच एक प्रदर्शन केलं. म्युझियमच्या प्रचंड संग्रहातून त्याने स्वतः वस्तू निवडल्या, मधे मधे आपल्या ठेवल्या, आणि सगळं अर्पण केलं अनाम कारागिराला. प्रदर्शनाच्या नावातच त्या कारागिराची समाधी होती. शेवटी एक लोखंडी जहाज, शवपेटीसारखं, आणि त्याच्या पोटात गारगोटीची एक हातकुऱ्हाड, अडीच लाख वर्षांपूर्वीची. पुढच्या सगळ्या अवजारांची आजी म्हण. ज्याने ती घडवली त्याचं नाव असायचा प्रश्नच नाही. पण एका कलाकाराला त्या हातांसाठी समाधी बांधावीशी वाटली, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की निवडणं ही कला तेव्हाच होते, जेव्हा 'हे याच्या शेजारी का?' असं कोणी विचारलं तर निवडणाऱ्याला उत्तर देता येतं आणि ते उत्तर त्याला थोडं महागही पडतं. बाल्टिमोरच्या त्या संस्थेलाही ते महाग पडलं असणार. आपल्याच गोदामातली बेडी आपल्याच चांदीशेजारी बघायला धैर्य लागतं.

आता धोट्याचं. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. हा धोटा झिजून बाद झालेला, म्हणून घरी आला. हातात घेऊन बघ. कठीण लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मधे सुताची कांडी बसायची पोकळी, आणि बाजूला चिनीमातीचा बारीकसा डोळा, ज्यातून सूत बाहेर यायचं. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक त्या डोळ्यातून ओढायला तोंड लावून श्वास आत घ्यायचा. आजोबा सांगायचे, सुताबरोबर धूळही आत जायची. आधी त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीच्या माणसाचं तोंड लागलेलं असायचं. त्या डोळ्याच्या भोवतीचं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालंय. हे प्रदर्शनात दिसलं पाहिजे, म्हणून धोटा डोळ्याची बाजू वर करून ठेव आणि प्रकाश बाजूने पडू दे.

तू फोनवर म्हणालीस, त्याच्या शेजारी मॉलचं एखादं जाहिरातपत्रक ठेवशील, गिरणीच्या जागेवर आज काय आहे ते दाखवायला. ते करू नकोस. ते सगळ्यांना सुचतं, आणि बघणारा मान डोलावून पुढे जातो, कारण ते त्याला आधीच माहीत असतं.

त्याऐवजी मी तुला आजीची वही पाठवतोय. ती तू कधी नीट पाहिलेली नाहीस, माळ्यावरच्या ट्रंकेत होती. आजी खोलीवर खानावळ चालवायची, घाटावरची आणि कोकणातली एकटी राहणारी माणसं दोन वेळ जेवायला यायची. त्यांचा हिशेब त्या वहीत आहे. डावीकडे नावं, आडनावं नाहीत, गावं आहेत: तुकाराम पाटणवाले, शंकर मालवणवाले, दुसरा शंकर, गणू कराडकर. पुढे दिवसांचे रकाने, जेवण झालं की एक उभी रेघ. शेवटी 'जमा'. आजी दुसरीपर्यंत शिकलेली, तिचा 'ळ' नेहमी उलटा. काही पानांवर हळदीची बोटं उमटलीत.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला हे तू शाळेत वाचलंयस, अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते दत्ता सामंत. वहीत संप हा शब्द कुठेही नाही. जानेवारीच्या पानावर रेघा आहेत आणि जमा आहे. फेब्रुवारीत रेघा आहेत, जमाच्या रकान्यात एक-दोन आकडे. मार्चमध्ये रेघा आहेत आणि जमाचा रकाना कोरा. एप्रिलमध्ये नावं कमी होतात, माणसं गावाला गेली असणार. पण जी उरली त्यांच्या रेघा चालूच आहेत. आजीने कोणाचं जेवण बंद केलं नाही. घरात काय तंगी होती ते मी पाहिलंय, त्याबद्दल इथे लिहीत नाही, समोर भेटशील तेव्हा सांगेन.

मार्चचं पान उघडं ठेवावं असं माझं मत आहे. तुझ्या आईचं मत उलट आहे. ती म्हणते, त्या माणसांची उधारी चारचौघांत मांडायचा आपल्याला काय हक्क, त्यांची मुलंबाळं कुठे ना कुठे असतील. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला वाटतं ती उधारी लाजेची नव्हती, आणि गिरणगावातल्या माणसांची नावं ज्या थोड्या कागदांवर त्यांच्याच पोटाच्या कामासाठी लिहिली गेली, त्यातला हा एक कागद आहे. हजेरीपटावर ते नंबर होते, आजीच्या वहीत ते तुकाराम आणि शंकर होते. तरी आईचंही ऐक. वाटलं तर १९७९ चं एखादं भरलेलं पान दाखव, किंवा नावांवर पातळ कागद ठेवून गावं तेवढी दिसू दे. तू ठरव. उत्तर तुलाच द्यावं लागणार आहे, मास्तरांना आणि बघायला येणाऱ्यांनाही.

आणि वही व धोटा यांच्या शेजारी एक जागा रिकामी ठेव असं सुचवतो. त्या धोट्याने विणलेलं कापड आपल्याकडे एक वीतभरही नाही. धोतरं फाटली, पोतेरी झाली, गेली. पाटीवर एवढंच लिही, 'कापड'. विल्सनची उचलेगिरी वाटेल असं समजू नकोस, चांगली गोष्ट शिकूनच घ्यायची असते.

पाटी लिहिताना आजोबांचं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट. 'एक गिरणी कामगार' असं लिहून मोकळी होऊ नकोस. आजीचंही पूर्ण नाव लिही, आणि ती खानावळ चालवायची असं स्वच्छ लिही, 'गृहिणी' नको. धोटा घडवणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, तिथे 'घडवणारा अज्ञात' असा रकाना ठेव. रकाना असू दे.

शुक्रवारी मंदामावशी बडोद्याला येतेय, तिच्याबरोबर दोन्ही वस्तू पाठवतोय. धोटा जुन्या टॉवेलात गुंडाळलाय. वही मलमलीच्या कापडात आहे, तिला सेलोटेप, पिन, स्टेपलर यातलं काही लावू नकोस, आणि पान उघडं राहावं म्हणून वर वजन ठेवणार असशील तर मऊ कापडाच्या पट्टीने ठेव, शिवण आधीच सैल आहे. प्रदर्शन आठवडाभर असेल तर मधे एकदा पान बदल, एकाच पानावर सतत उजेड नको. शाई फिकट व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही वस्तू घेतल्याची एक चिठ्ठी सही करून मावशीजवळ दे, मी ती ट्रंकेत वहीच्या जागी ठेवणार आहे. प्रदर्शनाची तारीख कळव, आई आणि मी आदल्या दिवशीच्या गाडीचं रिझर्व्हेशन करतो.

तुझा,
बाबा